मॉरिशसमधील भारतीय विद्यार्थी

मॉरिशसमधील भारतीय विद्यार्थी म्हणजे उच्च शिक्षणासाठी भारतातून मॉरिशस या आफ्रिकी द्वीपराष्ट्रात जाऊन तेथे काही वर्षे वास्तव्य करणारे विद्यार्थी होत. वैद्यकशास्त्र, अभियांत्रिकी, व्यवस्थापन आणि माहिती तंत्रज्ञान हे त्यांचे प्रमुख अभ्यासविषय आहेत. मॉरिशसच्या लोकसंख्येत भारतीय वंशाच्या लोकांचे बहुमत आहे. त्यामुळे तेथे जाणे म्हणजे परदेशी जाणे नव्हेच, अशी समजूत भारतात आढळते. महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, ही समजूत अधिक दृढ आहे, कारण मॉरिशसमधील मराठी समाजाचे पूर्वज मुख्यतः कोकणातून गेले आणि गणेश चतुर्थीनिमित्त तेथे सार्वजनिक सुट्टी असते. प्रत्यक्षात विद्यार्थ्याला तेथे नवी भाषा, नवी समाजरचना, उलटे ऋतुचक्र आणि वेगळी शिक्षणपद्धती यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. ओळखीच्या खुणांमुळे हे काम सोपे होण्याऐवजी कित्येकदा लांबते.

पार्श्वभूमी

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपुष्टात आल्यानंतर मॉरिशसमधील ऊसमळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेण्यास सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ हे जहाज मजुरांची पहिली तुकडी घेऊन पोर्ट लुई बंदरात पोहोचले आणि पुढील सुमारे आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय या बेटावर उतरले. ज्या धक्क्यावर ते उतरत तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक मजूर कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. मुंबईतून गेलेल्यांची संख्या त्या मानाने कमी होती, आणि मराठी भाषक याच लहान प्रवाहातले होते.

या मराठी मजुरांपैकी पुष्कळसे तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील व सावंतवाडी संस्थानातील होते. वेंगुर्ले, मालवण आणि देवगड हे तालुके त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत. स्वतंत्र सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यामुळे जुन्या नोंदींत ‘रत्नागिरी’ एवढाच जिल्हा दिसला, तरी ते गाव आजच्या सिंधुदुर्गातील असू शकते. या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. मजुराचे नाव, वडिलांचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा आणि जहाज असा तपशील त्यांत मिळतो. नावे इंग्रज आणि फ्रेंच कारकुनांनी कानाला लागली तशी लिहिली असल्याने ती ओळखण्यासाठी मोठ्याने वाचून पाहावी लागतात. पुढे पूर्वजाचे पहिले नाव हेच अनेक कुटुंबांचे आडनाव झाले. म्हणून मॉरिशसमधील मराठी माणसाच्या आडनावावरून कोकणातले गाव सहसा सांगता येत नाही.

मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला आणि १२ मार्च १९९२ रोजी प्रजासत्ताक बनला.

शिक्षणसंस्था

मॉरिशस विद्यापीठाची स्थापना १९६५ मध्ये झाली. ते रेद्वी येथे आहे. जवळच मोका येथे महात्मा गांधी संस्था असून तिची स्थापना १९७० मध्ये भारत व मॉरिशस सरकारांच्या सहकार्याने झाली. १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या उपस्थितीत तिचे उद्घाटन झाले. या संस्थेत हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि संस्कृत यांबरोबर मराठीचेही पदवीपर्यंतचे अध्यापन होते. बेल रीव येथील सर शिवसागर रामगुलाम वैद्यकीय महाविद्यालय १९९९ मध्ये सुरू झाले. भारतीय विद्यार्थ्यांची तेथे दीर्घकाळ मोठी उपस्थिती राहिली आहे. अलीकडच्या काळात ब्रिटनमधील मिडलसेक्स आणि ऑस्ट्रेलियातील कर्टिन या विद्यापीठांनीही बेटावर शाखा काढल्या आहेत.

जानेवारी २०१९ पासून सार्वजनिक संस्थांतील पहिल्या पदवीचे शिक्षण मॉरिशसच्या नागरिकांना निःशुल्क झाले. परदेशी विद्यार्थ्यांना ही सवलत नाही. त्यामुळे एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची आर्थिक स्थिती अगदी वेगळी असू शकते. नापास होण्याची किंमतही दोघांना सारखी पडत नाही.

शालेय पार्श्वभूमीतील फरक आरंभी लक्षात येत नाही, कारण परीक्षेचे नाव एकच आहे. महाराष्ट्रातील ‘एचएससी’ बारावीनंतर होते, तर मॉरिशसमधील ‘एचएससी’ ही केंब्रिजच्या परीक्षामंडळाशी संलग्न परीक्षा तेरा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतर असते. पदवीच्या पहिल्या वर्षात येणाऱ्या स्थानिक विद्यार्थ्याला दीर्घ निबंधवजा उत्तरे लिहिण्याचा आणि निवडक विषयांच्या सखोल अभ्यासाचा सराव असतो. बहुपर्यायी प्रवेशपरीक्षांच्या तयारीतून आलेला भारतीय विद्यार्थी पहिल्या सत्रात लेखी कामात मागे पडतो तो बहुधा यामुळे.

भाषा

अध्यापनाची व परीक्षेची भाषा इंग्रजी आहे. वर्गाबाहेर मात्र इंग्रजी फारशी ऐकू येत नाही. वर्तमानपत्रे प्रामुख्याने फ्रेंचमध्ये निघतात, आणि घरात, बाजारात, बसमध्ये, उपाहारगृहात बोलली जाते ती मॉरिशसची क्रेओल. फ्रेंच शब्दसंग्रहावर उभी असलेली ही भाषा भारतीय वंशाच्या बहुसंख्य कुटुंबांचीही आज घरची भाषा आहे. चेहरे ओळखीचे, नावे ओळखीची, आणि बोलणे मात्र एक अक्षर कळू नये असे, हा अनुभव नव्याने आलेल्या भारतीय विद्यार्थ्याला गोंधळात टाकणारा ठरतो. अनोळखी चेहऱ्यांच्या देशात माणूस भाषा शिकण्याच्या तयारीने उतरतो. येथे ती तयारी नसते.

प्राध्यापकाचे व्याख्यान समजते, पण व्याख्यान संपताच मित्रांचे बोलणे क्रेओलमध्ये सुरू होते. गटाने करायच्या प्रकल्पांत निम्मी चर्चा हाती लागत नाही. रुग्णालयात प्रशिक्षण घेणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही, कारण रुग्ण आपली वेदना क्रेओलमध्येच सांगतो. तिसऱ्या वर्षापर्यंत क्रेओल न शिकलेल्या विद्यार्थ्याला प्रत्येक रुग्णासाठी परिचारिकेवर अवलंबून राहावे लागते.

मराठी भाषकाला क्रेओलमधील काही गोष्टी सोप्या जातात. मराठीतील ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांच्याप्रमाणे तिच्यात ‘तो’ आणि ‘ऊ’ असे दोन स्तर आहेत. वयाने मोठ्या किंवा अपरिचित व्यक्तीला ‘तो’ म्हणणे उद्धट समजले जाते. क्रियापदाला लिंगवचनाचे प्रत्यय लागत नाहीत. ‘की मान्येर?’ म्हणजे ‘कसे काय?’, आणि ‘मो पा कोंप्रान’ म्हणजे ‘मला समजत नाही’. हे दुसरे वाक्य पहिल्याच आठवड्यात पाठ करण्यासारखे आहे. क्रेओलमध्ये भारतीय भाषांतून आलेले शब्दही पुष्कळ आहेत. पराठ्याला ‘फराता’ म्हणतात आणि चटणीला ‘सातिनी’.

मराठी समाजाशी संबंध

मॉरिशसमध्ये मराठी ही आज प्रामुख्याने पूर्वजांची भाषा म्हणून जपली जाते. प्राथमिक शाळेत ती ऐच्छिक विषय म्हणून शिकता येते, धार्मिक विधींत आणि सांस्कृतिक कार्यक्रमांत वापरली जाते, परंतु नव्या पिढीतील फार थोडी मुले ती घरी बोलतात. २०१२ पासून क्रेओल हीदेखील शाळेत ऐच्छिक विषय झाल्याने पालकांपुढे एक नवा पर्याय आला आहे. शाळेत शिकवली जाते ती प्रमाण मराठी. परिणामी वेंगुर्ल्याहून गेलेला, घरी मालवणी बोलणारा विद्यार्थी तेथील मराठी शिक्षकाशी बोलू लागला, तर पुस्तकी भाषेकडे वळण्याची वेळ कोकणातल्या विद्यार्थ्यावरच येते.

कोकणाचा ठसा भाषेपेक्षा सणांत अधिक टिकला आहे. गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी साधारणपणे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे विसर्जनाला असते. कोकणातील दीड दिवसाच्या गणपतीचा हाच दिवस. गणपतीपुढे ‘झाकरी’ नावाचा नाच होतो. कोकणातील जाखडीचेच हे रूप आहे. गोल फेर, ढोलकीचा ठेका आणि पायांची लय पाहताच कोकणातल्या माणसाला ते कळते. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन ही संस्था गावोगावच्या मंडळांना एकत्र आणते. दुसरी जागतिक मराठी परिषद १९९१ मध्ये मॉरिशसमध्ये भरली होती, आणि एप्रिल २०२३ मध्ये तेथील महाराष्ट्र भवनात छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक ‘मराठी’ या शब्दाच्या अर्थात आहे. महाराष्ट्रात तो भाषेवरून ठरतो, मॉरिशसमध्ये वंशावरून. तेथील रोजच्या बोलण्यात ‘हिंदू’ म्हणजे भोजपुरी-हिंदी परंपरेतील लोक, आणि तमिळ, तेलुगू व मराठी हे वेगळे समाज मानले जातात. मराठीचा एक शब्दही न बोलणारी व्यक्ती स्वतःला अभिमानाने मराठी म्हणवते. त्यावर ‘मग तुम्हाला मराठी का येत नाही’ असा प्रश्न भारतीय विद्यार्थी सहज विचारून जातो, आणि समोरच्याला तो लागतो. ज्या समाजाने शतकाहून अधिक काळ, परतीची वाट नसताना, सण आणि देव सांभाळले, त्याची परीक्षा भाषेवर घेणे अन्यायाचे आहे. उलट, भारतीय पाहुण्याने आपल्या घरच्या पूजेला यावे आणि आरती म्हणावी अशी अपेक्षा अनेक कुटुंबे करतात. असे आमंत्रण स्वीकारणारा विद्यार्थी लवकर रुळतो. केवळ भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहून तेथेच जेवणारा विद्यार्थी मात्र अभ्यासक्रम संपेपर्यंत पाहुणाच राहतो.

मॉरिशस विद्यापीठाचे शैक्षणिक वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होते. त्यामुळे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी बेटावर पोहोचल्यानंतर काही आठवड्यांतच गणपती येतात. मुंबईचा चाकरमानी रेल्वेत उभा राहूनही ज्या सणाला गावी पोहोचतो, तो सण पहिल्यांदाच घराबाहेर काढण्याची वेळ अशी अगदी आरंभीच येते. दोन्ही देशांच्या वेळेत दीड तासाचेच अंतर असल्याने घरची आरती दूरध्वनीवर पाहता येते. काहींना त्याने बरे वाटते, तर काहींची घरची ओढ त्याने अधिकच वाढते.

इतर आफ्रिकी विद्यार्थी

मॉरिशस आफ्रिकी संघाचा सदस्य असून आफ्रिका खंडातील देशांच्या विद्यार्थ्यांना मॉरिशस सरकार शिष्यवृत्त्या देते. म्हणून वर्गात मादागास्कर, केनिया, झिंबाब्वे, नायजेरिया अशा देशांतील विद्यार्थीही असतात. भारतीय विद्यार्थ्याच्या मनातील वर्णविषयक पूर्वग्रह येथे उघडे पडण्याचा संभव असतो. खोली कोणाबरोबर घ्यायची, गट कोणाबरोबर करायचा, अशा लहान निवडींतून ते दिसतात. मॉरिशसच्या समाजातही गुलामांचे वंशज आणि करारबद्ध मजुरांचे वंशज यांच्यात अंतर आहे. नवागत भारतीयाला आपण त्यातील एका बाजूचे आहोत असे न कळत गृहीत धरले गेल्याचे आढळते.

राहणीमान आणि आहार

दोन्ही देशांच्या चलनाचे नाव रुपया आहे आणि मॉरिशसच्या नोटांवर देवनागरी अक्षरेही असतात. मात्र मॉरिशसच्या रुपयाचे मूल्य भारतीय रुपयाहून अधिक आहे. नाव एकच असल्याने पहिल्या महिन्यात भाव स्वस्त वाटतात आणि खर्चाचा अंदाज चुकतो. बेटावर खपणाऱ्या वस्तूंपैकी बऱ्याच आयात केलेल्या असतात, हे महागाईचे मुख्य कारण आहे. परदेशी विद्यार्थ्यांना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करण्याची मुभा आहे. त्यातून शुल्क भागत नाही. फार तर हातखर्च निघतो.

वाहतूक भारताप्रमाणे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. पोर्ट लुई ते क्यूरपीप या पठारी पट्ट्यात लार्सन अँड टूब्रो या भारतीय कंपनीने बांधलेली मेट्रो धावते. तिची पहिली सेवा २०२० मध्ये पोर्ट लुई ते रोझ हिल या टप्प्यात सुरू झाली आणि २०२३ मध्ये एक शाखा रेद्वीपर्यंत पोहोचली. सायंकाळनंतर बसगाड्या विरळ होतात, म्हणून खोली निवडताना भाड्याइतकेच मार्गाकडेही लक्ष द्यावे लागते.

तांदूळ, डाळी आणि मसाले सर्वत्र मिळतात, त्यामुळे स्वयंपाक करता येणाऱ्या विद्यार्थ्याची उपासमार होत नाही. रस्त्यावर मिळणारी ‘ढोलपुरी’ ही डाळीचे सारण भरलेली मऊ पोळी आहे. तिच्यात गूळ नसतो आणि ती भाजीच्या रश्शाबरोबर व चटणीबरोबर खातात. पुरणपोळीच्या अपेक्षेने पहिला घास घेणारा दचकतो. ‘गातो पिमां’ हा डाळवड्याचा भाऊ आहे. ‘विंदाय’ हा मोहरी, हळद आणि व्हिनेगर घालून केलेला माशाचा प्रकार गोव्याच्या विंदालूशी नावाचे नाते सांगतो, चवीचे फारसे नाही. मासे मुबलक असले, तरी बांगडा आणि तारली यांवर वाढलेल्या जिभेला प्रवाळभित्तींभोवतालचे मासे वेगळे लागतात. तिरफळे आणि मालवणी मसाला यांची पुडी बहुतेक जण घरूनच नेतात.

काय नेऊ नये याची यादी मात्र अधिक महत्त्वाची आहे. ताजी फळे, बियाणे व रोपे परवान्याशिवाय देशात नेता येत नाहीत. स्थानिक कुटुंबाला भेट म्हणून नेलेली हापूसची पेटी विमानतळावरच राहू शकते. अमली पदार्थविषयक कायदा कडक असून भारतात सहज लिहून दिली जाणारी काही वेदनाशामके व झोपेची औषधे तेथे नियंत्रित गटात मोडतात. नेहमीची औषधे चालू असलेल्या विद्यार्थ्याने डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवावी आणि आवश्यक तेथे आगाऊ परवानगी घ्यावी.

हवामान

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्याने नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा आणि मे ते ऑक्टोबर हिवाळा असतो. किनारपट्टीवरचा हिवाळा सौम्य असतो. वाकोआ आणि क्यूरपीप ही शहरे मात्र मध्यवर्ती पठारावर आहेत आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेथे पाऊस, धुके व गारठा एकत्र येतो. कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या, स्वेटर फारसा न वापरलेल्या विद्यार्थ्याचे आगमन नेमके याच दिवसांत होते.

चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत असतो. हवामान खाते एक ते चार अशा वर्गांत इशारे देते. चौथ्या वर्गाचा इशारा ताशी १२० किलोमीटर वेगाचे झोत नोंदले गेल्यावर व ते चालू राहण्याची शक्यता असल्यास दिला जातो आणि तेव्हा घराबाहेर पडता येत नाही. म्हणून पाणी, सुके अन्न, विजेरी आणि भारित केलेला भ्रमणध्वनी यांची तयारी आधीच्या वर्गांतच करावी लागते. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने सिंधुदुर्गाला दिलेला तडाखा पाहिलेल्यांना वारा परिचित असतो, इशाऱ्यांची ही क्रमवारी मात्र नवीन असते. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ वादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर अचानक पूर येऊन मोटारी वाहून गेल्या होत्या.

पदवीची मान्यता

परतल्यानंतर पदवी चालेल की नाही हा प्रश्न भारतीय विद्यार्थ्यांच्या वास्तव्यावर सतत सावट धरून असतो. वैद्यकीय शाखेत तो सर्वांत तीव्र आहे. परदेशी वैद्यकीय शिक्षणासाठीही ‘नीट’ पात्रता २०१८ पासून आवश्यक आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो, त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांचे आंतरवासी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते, आणि ती पदवी त्या देशात व्यवसाय करण्यासही पात्र असावी लागते. त्यानंतर भारतात पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन आणखी १२ महिन्यांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. मध्येच महाविद्यालय किंवा देश बदलल्यास ही साखळी तुटते. म्हणून पहिल्या वर्षी न रुळलेल्या विद्यार्थ्यापुढे बदलीचा सोपा मार्ग नसतो. राहायचे किंवा सर्व सोडून परतायचे, एवढेच पर्याय उरतात. घरी कर्ज काढलेले असेल, तर अडचण सांगायलाही विद्यार्थी कचरतो.

इतर शाखांच्या पदव्यांसाठी भारतात समकक्षता प्रमाणपत्र लागू शकते, विशेषतः पुढील शिक्षण किंवा शासकीय नोकरी हवी असल्यास.

उलट दिशेचा प्रवास

मॉरिशसमधील विद्यार्थीही अनेक दशके भारतात, विशेषतः पुण्यात, शिकण्यासाठी येत आहेत. त्यांपैकी बऱ्याच जणांना भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती मिळते. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या सिंबायोसिस या संस्थेचा उगमही अशाच एका विद्यार्थ्याच्या एकाकीपणात आहे. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे प्रमुख असताना, काविळीमुळे वेगळ्या ठेवलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला खिडकीतून जेवण पोहोचवले जात असल्याचे त्यांनी पाहिले. परदेशी विद्यार्थ्यांना आधार देणारे आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक केंद्र काढण्याची कल्पना त्यांना त्यातून सुचली. आजही आफ्रिकी विद्यार्थ्यांना पुण्यात भाड्याने खोली मिळवताना नकार ऐकावे लागतात. मॉरिशसहून आलेल्या भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याची अडचण थोडी निराळी असते. दिसायला तो भारतीय असल्यामुळे रिक्षाचालकापासून कार्यालयातील कारकुनापर्यंत सर्वजण त्याच्याशी मराठीत किंवा हिंदीत बोलतात, आणि त्याला उत्तर देता आले नाही की त्याला मुद्दाम परका बनणारा समजतात.